दोन जीबीचा फोन जुना कोणी केला?

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाईल रिपेअरिंगच्या कुठल्याही गाळ्यासमोर थोडा वेळ उभे राहा. एक वाक्य हमखास कानावर येतं: "भाऊ, फोन भलताच हँग मारी ऱ्हायना." दुकानदाराचा प्रश्नही ठरलेला असतो: "अपडेट मारलं होतं का?" आणि मग निदान: फोन जुना झाला, आता नवीन बघा. धुळ्यात आग्रा रोडला गेलात तरी हाच संवाद.

या ब्लॉगवर मी एरवी माझ्या पीएचडीच्या विषयाबद्दल लिहिते, म्हणजे धातूंच्या ऑक्साइडच्या पातळ थरांमध्ये माहिती साठवता येते का, याबद्दल. आज मात्र लॅबच्या बाहेर पडून त्या निदानाचीच तपासणी करायची आहे. 'फोन जुना झाला' हे वाक्य 'पाऊस आला' या वाक्यासारखं उच्चारलं जातं, जणू त्यामागे कोणी नाहीच. पण दोन जीबी रॅम पाच वर्षांनीही दोन जीबीच असते. वाढते ती तिच्याकडून केलेली मागणी. ही मागणी कोणीतरी ठरवून वाढवतं आणि तिचा खर्च भलत्याच माणसाच्या खिशातून जातो. याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच राज्यात घडलं आहे. तिथे जाण्याआधी थोडं विज्ञान समजून घेऊ.

ओटा आणि फडताळ

आपण 'मेमरी' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. एक असते रॅम. ती स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी. आत्ता जे काम चालू आहे तेवढंच तिच्यावर मांडलेलं असतं आणि वीज गेली की सगळं पुसलं जातं. दुसरं असतं स्टोरेज, म्हणजे फ्लॅश मेमरी. ते फडताळ. फोटो, ॲप, गाणी सगळं तिथे, वीज असो वा नसो. 'मेमरी फुल झाली' म्हणून आपण मेमरी कार्ड घालतो, तेव्हा फडताळाला एक कप्पा जोडतो. ओटा तेवढाच राहतो.

आता २ जीबी रॅमचा फोन घ्या. तो चालू होताच अँड्रॉइडची मूळ प्रणाली, गूगलच्या पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवा, कीबोर्ड, होमस्क्रीन हे सगळे ओट्यावर जागा धरून बसतात. तुम्ही एकही ॲप उघडण्याआधी अर्ध्याच्या आसपास ओटा व्यापलेला असतो. उरलेल्या जागेत व्हॉट्सॲप, कॅमेरा आणि तुमच्या कामाचं ॲप यांची खेचाखेच.

जागा संपली की अँड्रॉइड दोन गोष्टी करतं. आधी वापरात नसलेली माहिती रॅममध्येच दाबून, आवळून ठेवतं. थंडी गेल्यावर गोधड्या दाबून पेटीत भरतो ना, तसं. पण दाबायला आणि पुन्हा उलगडायला प्रोसेसरला काम पडतं, म्हणून फोन अडखळतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर मागे पडलेलं एखादं ॲप सरळ मारून टाकतं. ही बिघाडाची खूण नाही, प्रणाली अशीच बनवलेली आहे.

याचा परिणाम समजण्यासाठी एक साधा प्रसंग डोळ्यासमोर आणा. तुम्ही एक लांबलचक फॉर्म भरताय. मध्येच फोटो मागितला जातो. कॅमेरा उघडतो. कॅमेऱ्याला बरीच रॅम लागते, म्हणून मागे गेलेलं फॉर्मचं ॲप मारलं जातं. फोटो काढून तुम्ही परत येता आणि फॉर्म कोरा. ज्याने ॲप लिहिलं त्याच्या हातात ८ जीबीचा फोन होता, त्याला हे कधी दिसलंच नाही. खरं तर प्रत्येक रकाना भरला की तो लगेच फडताळात लिहून ठेवायचा, एवढी काळजी घेतली असती तरी फॉर्म वाचला असता. यासाठी जास्त रॅम लागत नाही. कमी रॅमच्या माणसाचा विचार लागतो.

फडताळाचीही एक गोष्ट आहे आणि ती माझ्या विषयाच्या जवळची. फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे एका अतिपातळ थरापलीकडे अडकवलेले इलेक्ट्रॉन. प्रत्येक वेळी पुसताना आणि लिहिताना ते त्या थरातून आरपार ढकलावे लागतात आणि थर थोडा थोडा झिजतो. शिवाय फ्लॅशमध्ये एक ओळ खोडून तिथेच दुसरी लिहिता येत नाही, पूर्ण ठोकळा पुसावा लागतो. फडताळ जवळपास भरलेलं असेल तर एक छोटी नोंद करायलाही आधी सामान इकडून तिकडे हलवावं लागतं. म्हणून १६ जीबीचा भरलेला फोन रॅमचा प्रश्न नसतानाही रखडतो. तेव्हा फोन अजिबात जुना होत नाही असं मी म्हणत नाही. बॅटरी उतरते, फ्लॅश झिजते. पण गाळ्यावर येणाऱ्या सगळ्या तक्रारींचं कारण ही झीज नव्हे.

अंगणवाडीतला फोन

२०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना पोषण अभियानात स्मार्टफोन दिले गेले. राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत, त्यावरून खरेदीचा आवाका लक्षात घ्या. फोन होता पॅनासोनिकचा इलुगा आय७. रॅम २ जीबी, स्टोरेज १६ जीबी. हा फोन २०१८ मध्ये बाजारात आला तो अँड्रॉइड ७ घेऊन, आणि अँड्रॉइड ७ हे २०१६ चं. म्हणजे सेविकांच्या हातात पडला तेव्हाच त्याचं सॉफ्टवेअर मुख्य आवृत्त्यांत दोन पायऱ्या मागे होतं, कारण अँड्रॉइड ९ ऑगस्ट २०१८ मध्येच आलं होतं.

तरी सुरुवातीला त्यावर काम होत होतं. तेव्हाचं ॲप होतं कॉमन ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर, 'कॅस'. ते बंद झालं आणि १ मार्च २०२१ पासून केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचं 'पोषण ट्रॅकर' आलं. फोन तोच, सेविका त्याच, नोंदीही बऱ्याचशा त्याच: मुलांची नावं, वजन, उंची, गरोदर आणि स्तनदा माता, आहार वाटप. बदललं होतं सॉफ्टवेअर. राज्यभरातून तक्रारी आल्या की फोन गरम होतो, हँग होतो, ॲप बसतच नाही, आणि त्यात सगळं इंग्रजीत. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या डोक्यावर. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत जाऊन शासनाला परत केले. 'मोबाईल वापसी' म्हणून ते आंदोलन गाजलं. फेब्रुवारी २०२३ च्या बेमुदत संपातही मानधनवाढीबरोबर नवे फोन ही मागणी होतीच.

तेव्हाच्या चर्चेत दोनच सूर होते. एक म्हणे, फोन निकृष्ट होते. दुसरा म्हणे, ताईंना फोन वापरता येत नाही. दुसरं तर सरळ अन्यायाचं आहे. 'कॅस' याच बायकांनी याच फोनवर चालवून दाखवलं होतं. पहिलंही अर्धवटच आहे. दोन जीबीचा फोन हा दोन जीबीच्या कामासाठी निकृष्ट नसतो. मागणी वाढवताना हातात काय आहे हे बघितलं नाही, हा खरा दोष, आणि त्यात तीन ठिकाणचे निर्णय गुंतले आहेत. कंपनी स्वस्त फोनला पुढची आवृत्ती देण्याचं बंधन स्वतःवर घेत नाही. ॲप बनवणारा जास्तीत जास्त सोयी देतो, कारण त्याचं कौतुक सोयींवरून होतं. आणि ॲप सक्तीचं करणारं खातं या दोघांनाही विचारत नाही की हे सगळ्यात कमकुवत फोनवर चालतं का.

बोजा मात्र एकाच ठिकाणी पडतो. पोषण अभियानात सेविकेला महिन्याला ५०० आणि मदतनीसाला २५० रुपयांपर्यंत प्रोत्साहन भत्त्याची तरतूद झाली, ती ॲपवरच्या कामाशी जोडून. म्हणजे रॅम संपली तर पैसे अडकण्याची भीती ताईला. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांच्या सातपुडा-सह्याद्रीकडच्या पाड्यांमध्ये जिथे पावरी, भिली, अहिराणी बोलली जाते, तिथे हाच फोन इंग्रजी ॲपसह वापरायचा होता. आणि नोंद झाली नाही तर कागदोपत्री ते मूलच दिसत नाही. वजन न वाढलेलं मूल वेळेत दिसणं हाच तर या खटाटोपाचा मूळ हेतू.

हे जुनं झालं म्हणून सोडून देता येत नाही, कारण पायरी पुन्हा वर सरकली आहे. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा ॲपमधून पडताळणं सक्तीचं झालं. चेहरा ओळखणं म्हणजे कॅमेरा, प्रतिमेवरची आकडेमोड आणि नेटवर्क, तिन्ही एकाच वेळी. वर सांगितलेला ओटा आठवा. नवे फोन हाती आले तरी हिशोब तोच राहतो: आज पुरेसा असलेला फोन उद्याच्या आवृत्तीला अपुरा पडणार, आणि 'उद्या' कधी उजाडेल ते वापरणाऱ्याच्या हातात नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. गूगलसाठी असूसने बनवलेला नेक्सस ७ हा टॅब्लेट २०१२ मध्ये आला, १ जीबी रॅम आणि अँड्रॉइड ४.१ सह. २०१४ च्या अखेरीस त्याला अँड्रॉइड ५ मिळालं आणि जगभरातून ओरड झाली की चांगला चालणारा टॅब्लेट रांगायला लागला. गंमत बघा, इथे कंपनीने अपडेट दिलं म्हणून लोक वैतागले. इलुगाच्या बाबतीत पुढची आवृत्ती नाही, ही अडचण. दोन्हीकडे नुकसान वापरणाऱ्याचंच.

यावर कायद्याने हात घातल्याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. सॅमसंगच्या प्रकरणात मुद्दा असा होता: गॅलक्सी नोट ४ च्या मालकांना अँड्रॉइडची नवी आवृत्ती टाका म्हणून सतत सुचवलं गेलं, पण ती मुळात नोट ७ साठी बेतलेली होती आणि जुन्या फोनला ती झेपेल का, हे सांगितलं नाही. ॲपलच्या बाबतीत आयफोन ६ वर आयओएस १० टाकायला लावणं हा आक्षेप. रकमा या कंपन्यांसाठी चिल्लर आहेत. पण नियामकाने 'फोन जुना झाला' हे उत्तर मानलं नाही. अपडेट म्हणजे विकलेल्या वस्तूत नंतर केलेला बदल, आणि बदल करणारा जबाबदार, असं त्याने धरलं.

मग अपडेट करूच नये का?

गाळ्यावर मिळणारा सल्ला हाच असतो: "अपडेट मारू नका, चाललंय तसं चालू द्या." इथे मात्र मी दुकानदाराच्या बाजूने नाही.

२०१५ च्या जुलैमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाचे दोष उघड झाले. नुसता एक मल्टिमीडिया मेसेज पाठवून कोट्यवधी अँड्रॉइड फोन ताब्यात घेता येतील, असे ते दोष होते. त्यानंतरच गूगलने दर महिन्याला सुरक्षा सुधारणा काढायला सुरुवात केली. आज आपल्या फोनमध्ये बँक आहे, आधार आहे, यूपीआय आहे. जुनी, भोकं पडलेली प्रणाली वापरणं म्हणजे दाराला कुलूप नसणं. आणि अंगणवाडीच्या फोनमध्ये तर गावातल्या प्रत्येक बाळाची आणि बाळंतिणीची माहिती.

अडचण अशी की 'अपडेट' या एकाच पुडक्यात दोन वेगळ्या वस्तू बांधून येतात. एक सुरक्षेची डागडुजी. ती लहान असते आणि रॅमवर तिचा फारसा भार नसतो. दुसरी नव्या सोयी, नवं रूप, नवी ॲनिमेशन. भार वाढतो तो हिच्यामुळे. या दोन्ही वेगळ्या करता येतात, हे गूगलने स्वतः दाखवलं आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग पूर्ण आवृत्ती न बदलता प्ले स्टोअरमार्फत दुरुस्त होतात. कमी रॅमच्या फोनसाठी हलकी 'गो' आवृत्तीही आहे. म्हणजे तंत्र उपलब्ध आहे. ते कोणाच्या वाट्याला येतं, हा प्रश्न. २०२३ चा पिक्सेल ८ आणि २०२४ चा गॅलक्सी एस२४ यांना सात वर्षं अपडेटचं आश्वासन आहे. ज्याला दोन वर्षांत फोन बदलणं परवडतं त्याला सात वर्षांची हमी, आणि ज्याला एकच फोन सात वर्षं पुरवायचा आहे त्याच्या खोक्यावर अनेकदा एकही आकडा नाही.

युरोपियन संघाने २० जून २०२५ पासून एक नियम लागू केला: एखाद्या फोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं प्रणालीची अपडेट मोफत उपलब्ध ठेवायची. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं, ती चांगली गोष्ट आहे. पण स्क्रू, बॅटरी आणि डिस्प्ले मिळाला तरी सॉफ्टवेअरने अडवलेला फोन दुरुस्त होत नाही. दुरुस्तीच्या हक्कात सॉफ्टवेअर मोजलं जायला हवं.

निविदेतली एक ओळ

माझी मागणी फार मोठी नाही. शासन जेव्हा फोन खरेदी करतं तेव्हा निविदेत रॅम, बॅटरी, स्क्रीन सगळं लिहिलेलं असतं. ॲप बनवून घेताना मात्र 'हे ॲप इतक्याच रॅममध्ये चाललं पाहिजे' ही अट तितक्याच ठळकपणे यायला हवी. त्याबरोबर तीन गोष्टी. प्रत्येक नवी आवृत्ती वाटलेल्या फोनपैकी सगळ्यात कमकुवत फोनवर चालवून बघायची आणि निकाल जाहीर करायचा. सुरक्षेची अपडेट किती वर्षं मिळणार ते खरेदीच्या करारात लिहून घ्यायचं. आणि ॲपची गरज वाढली तर नव्या फोनचा खर्च गरज वाढवणाऱ्याने द्यायचा. शेवटची अट असली की बाकीच्या आपोआप पाळल्या जातील, असा माझा अंदाज. स्वतःच्या खिशातून जायला लागलं की रॅम जपून वापरण्याची कला सगळ्यांना येते.

तुमच्यापुरतं बघायचं असेल तर सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारा. 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतील, त्यात बहुतेक फोनमध्ये 'मेमरी' असा पर्याय सापडतो. सरासरी किती रॅम वापरली गेली आणि कोणत्या ॲपने किती खाल्ली ते तिथे दिसतं. दुसरा कुठला पर्याय मात्र तिथे उगाच बदलू नका. स्टोरेज काठोकाठ भरू देऊ नका, पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा, म्हणजे फडताळात सामान हलवायला जागा राहील. सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल तर त्या फोनवर पैशाचे व्यवहार करू नका. बाकी बोलण्या-ऐकण्याला, मुलांच्या अभ्यासाच्या व्हिडिओला तो खुशाल वापरा.

आणि पुढच्या वेळी कोणी 'फोन जुना झाला' म्हणालं, तर एवढंच विचारा: नवीन होता तेव्हा जे काम तो करत होता, तेवढंच काम आज मागितलं तर तो करतो का? उत्तर 'हो' असेल, तर फोन बदलायच्या आधी काम कोणी वाढवलं ते शोधा.